मुठीतली पोकळी कशाने भरावी: अल्जिनेट आणि त्याच्या सोबत्यांचं परीक्षण

ठसे घ्यायच्या अल्जिनेट पावडरीच्या पाकिटावर पुदिन्याचा वास, गुलाबी रंग, 'त्वचेला सुरक्षित' असं बरंच काही छापलेलं असतं. शिल्पाच्या कामात त्यातले दोनच आकडे उपयोगाचे. पाणी घातल्यापासून ते किती मिनिटांत धरतं, म्हणजे घट्ट होतं, हा एक, आणि धरल्यावर किती वेळात आटायला लागतं हा दुसरा. पहिला पाकिटावर सापडतो. दुसरा सहसा छापलेला नसतो, आणि कामं बिघडतात ती त्या दुसऱ्यामुळे.

माणसाच्या अंगाचा ठसा घ्यायला, आणि अंगातल्या किंवा घरातल्या न दिसणाऱ्या पोकळ्या ओतून बाहेर काढायला जी सामग्री मिळते, तिचं हे परीक्षण आहे. मुख्य रोख अल्जिनेटवर आहे. सिलिकॉन, प्लास्टर बँडेज, साधं प्लास्टर आणि लॅटेक्स (पातळ नैसर्गिक रबर) यांना त्याच्या शेजारी ठेवून जोखलं आहे. निकाल आधीच सांगायचा तर त्वचेसाठी अल्जिनेटला तोड नाही, मुठीसारख्या बंद पोकळीसाठी सिलिकॉनची पुट्टी सरस, आणि खुर्चीखालची जागा किंवा अख्खी खोली ओतायची असेल तर या दोन्हींचा विचारसुद्धा करू नये.

अल्जिनेट तपकिरी सागरी शेवाळापासून काढतात. पावडरीत अल्जिनेटचा सोडियम किंवा पोटॅशियम क्षार असतो, कॅल्शियम सल्फेट असतं, थोडं ट्रायसोडियम फॉस्फेट असतं आणि भराव म्हणून डायटमची माती (सूक्ष्म शेवाळांच्या कवचांची भुकटी) असते. पाणी पडलं की कॅल्शियम मोकळं होतं, पण आधी ते फॉस्फेटकडे धावतं. फॉस्फेट शिल्लक आहे तोवर मिश्रण पातळच राहतं. ते संपलं की कॅल्शियम अल्जिनेटच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधू लागतं आणि बघता बघता सगळ्याचा रबरासारखा गोळा होतो. प्लास्टर जसं हळूहळू दाट होत जातं तसं हे वागत नाही. बराच वेळ काहीच होत नाही, मग एकदम होतं. नवख्यांची पहिली फसगत इथेच होते: 'अजून पातळ आहे' म्हणून ढवळत राहतात, आणि बांधल्या जाणाऱ्या साखळ्या ढवळण्याने तुटतात. असं तुटलेलं अल्जिनेट दह्यासारखं कणीदार दिसतं. पाणी घालून ते पुन्हा पातळ होत नाही, फेकूनच द्यावं लागतं.

ही पावडर मुळात दातांच्या डॉक्टरांची. आधी त्यांच्याकडे ठशांसाठी अगार, म्हणजे सागरी शेवाळापासूनचाच दुसरा जेलीसारखा पदार्थ, वापरत. ते मुख्यतः जपानमधून येई. दुसऱ्या महायुद्धात तो पुरवठा तुटला आणि अल्जिनेटने त्याची जागा घेतली. आजही बाजारात दोन जाती दिसतात त्या यामुळे. दातांसाठीची जात २ ते ४ मिनिटांत धरते, 'फास्ट' लिहिलेली तर १ ते २ मिनिटांत. अंगठा, कान किंवा नाभी एवढ्यापुरती ती चालेल. चेहरा किंवा दोन्ही हातांसाठी शिल्पकामाची जात घ्या. ती ६ ते १० मिनिटं देते. दातांचं अल्जिनेट बर्फाच्या पाण्यात कालवून वेळ वाढवता येतो हे खरं, पण बर्फाळ लगदा अंगावर पडला की माणूस शहारतो, आणि तो शहारा ठशात कायमचा उतरतो.

रंग बदलणारी जात थोडी महाग वाटली तरी सुरुवातीला तीच घ्यावी. कालवताना एक रंग, अंगावर घ्यायच्या वेळी दुसरा, धरताना तिसरा. घड्याळ बघायला हात मोकळा नसतो तेव्हा याचा खरोखर उपयोग होतो. बारीक धागे मिसळलेली जात उभ्या अंगावरून कमी ओघळते आणि कमी फाटते, मात्र त्वचेच्या अगदी बारीक रेषा तिच्यात किंचित मंदावतात. पाठ, पोट, मांडी यांना ती छान. तळहाताला नको. कुठलीही जात घेतली तरी पावडर ओतताना धूळ उडते, आणि डायटमच्या मातीत सिलिका असते. नाकातोंडाला धूळरोधक मास्क लावल्याशिवाय डबा उघडू नका.

हात ओतायचा असेल तर

सगळ्यात जास्त वाया जातं ते अंदाजाने केलेलं मिश्रण. किती लागेल हे काढायची खात्रीची रीत अशी: भांड्यात हात हव्या त्या मुद्रेत धरा, मनगटाच्या वर दोन बोटं येईल इतकं पाणी भरा, हात काढा आणि उरलेलं पाणी मोजा. १२ सेंटीमीटर व्यासाच्या आणि २२ सेंटीमीटर उंच भांड्यात एका मोठ्या माणसाच्या हाताला हे पाणी साधारण दोन लिटरच्या आसपास येतं. पावडरही जागा घेते, म्हणून मोजलेल्या पाण्याच्या नऊ दशांश पाणी घ्यायचं: १.८ लिटर. पावडर वजनाने पाण्याच्या एक चतुर्थांश, म्हणजे ४५० ग्रॅम. पाकिटावर वेगळं प्रमाण असेल तर पाकिटाचं ऐका, फक्त ते वजनाचं आहे की मापाचं एवढं नीट वाचा. ही पावडर फुललेली, हलकी असते. वजनाचं प्रमाण कपाने मोजलं तर मिश्रण पाण्यासारखं होतं आणि धरल्यावरही लिबलिबीत राहतं.

भांडं असं निवडा की बोटं आणि भिंत यांत सगळीकडून दोन-तीन सेंटीमीटर अंतर राहील. नख भिंतीला किंवा तळाला टेकलं की तिथे भोक पडतं आणि पुढे त्यातून प्लास्टर गळतं.

पाण्याचं तापमान थर्मामीटरने बघावं. २१ ते २५ अंश सेल्सिअस ठीक. पाच अंशांचा फरकही हातातला वेळ जाणवेल इतका कमी-जास्त करतो. जड पाण्यात आधीच कॅल्शियम असतं, ते धरणं आणखी घाईचं करतं. म्हणून बोअरचं पाणी टाळून शुद्ध केलेलं पाणी वापरा. पावडर एकदम पाण्यात टाका, ड्रिलला लावलेल्या रवीने संथ गतीवर ४५ सेकंद ते एक मिनिट फिरवा, आणि रवी पृष्ठभागाच्या खालीच ठेवा. वर आली की हवा ओढते. ड्रिल नसेल तर उघड्या पंज्याने, तळाशी गुठळ्या चिरडत कालवा.

हात सरळ बुडवायचा नाही. आधी मूठभर मिश्रण घेऊन बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडांना आणि तळहाताच्या रेषांवर चोळायचं, मग बुडवायचं. हे दहा सेकंदांचं काम केलं नाही तर प्रत्येक बेचक्यात हवेचा एक बुडबुडा अडकतो, आणि ओतलेल्या प्लास्टरच्या हाताला तिथे चामखिळीसारखे गोळे येतात. बुडवल्यावर बोटं थोडी हलवून हवा बाहेर सोडा, मुद्रा घ्या आणि मग स्थिर राहा. वरचा पृष्ठभाग बोटाला चिकटेनासा झाला की आणखी दोन मिनिटं थांबा. आतला भाग बाहेरच्यापेक्षा मागे असू शकतो.

हात काढताना घाई नडते. बोटं आतल्या आत अगदी हलकी वळवळवा, मनगटाच्या कडेने हवा आत शिरल्याचा आवाज येईल. तो आल्याशिवाय ओढू नका, कारण तोवर आत पोकळीचं शोषण असतं. हवा शिरली की मात्र एका सलग हालचालीत काढा. अल्जिनेट झटक्याला जास्त सोसतं, रेंगाळत्या ताणाला फाटतं. एकमेकांत गुंफलेल्या दोन हातांचाही ठसा असाच निघतो. बोटांमागच्या अडकणाऱ्या कोपऱ्यांत कडक साचा हात सोडणारच नाही, अल्जिनेट वाकून सोडतं. त्याचा मोठेपणा हाच.

आणि इथून दुसरा आकडा सुरू होतो. हात निघाला त्या क्षणापासून अल्जिनेट आटू लागतं. त्यातलं पाणी नुसतं उडून जात नाही, जेल स्वतः आकसून ते बाहेर टाकतो, म्हणून झाकून ठेवलं तरी पूर्ण सुटका नाही. दहा-पंधरा मिनिटांत ओतलं तर उत्तम. ओल्या फडक्यात गुंडाळून तासभर ढकलता येतं. पाण्यात बुडवून ठेवण्याची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका, पाणी पिऊन ते फुगतं आणि माप उलट्या बाजूने चुकतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओतलेला हात बारीक, सुरकुतलेला आणि वाकडा निघतो. त्यात ओतणाऱ्याचा हात कितीही कसबी असला तरी फरक पडत नाही.

म्हणून प्लास्टर आधी मोजून ठेवलेलं हवं. मनगटापर्यंतच्या हाताची पोकळी साधारण ४५० मिलिलिटर धरली तर २९० मिलिलिटर पाणी आणि ४३० ग्रॅम प्लास्टर ऑफ पॅरिस लागतं. सांडलवंड धरून थोडं जास्त करा. दातांच्या प्रयोगशाळेत वापरतात ते दगडी प्लास्टर मिळालं तर तेच घ्या. त्याला १०० ग्रॅमला जेमतेम ३० ते ३५ मिलिलिटर पाणी लागतं, आणि करंगळी मोडण्याची भीती बरीच कमी होते. साचा उलटा करून आत साठलेलं पाणी झटकून टाका, थोडं प्लास्टर घाला, फिरवून सगळ्या बोटांत जाऊ द्या, परत बाहेर ओता, मग पूर्ण भरा. बोटांच्या टोकांशी अडकलेली हवा या पहिल्या फेरीत निघते. बोटांना आधार म्हणून तार घालायची तर पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची. लोखंडी तारेचा गंज काही महिन्यांत प्लास्टरमधून तांबडा होऊन वर येतो.

ओतीव हाताचा पृष्ठभाग खडूसारखा भुसभुशीत निघाला तर दोष प्लास्टरचा नसतो. साच्याने बाहेर टाकलेलं पाणी आणि अल्जिनेटचा चिकट अंश प्लास्टरला वरच्या थरात नीट धरू देत नाहीत. पोटॅशियम सल्फेटचं दोन टक्क्यांचं द्रावण साच्यात दोन-तीन मिनिटं फिरवून ओतून टाकलं तर हा त्रास जातो. तास-दीड तासाने प्लास्टर गार झालं की अल्जिनेट लाकडी काडीने तुकड्या-तुकड्यांनी सोला. रात्रभर ठेवू नका, वाळणारं अल्जिनेट पृष्ठभाग खराब करतं. सोलताना साचा संपतो. एक ठसा, एक ओतकाम, असंच समजून चाला.

पॉलियुरेथेन रेझिन थेट अल्जिनेटमध्ये ओतायचा मोह होतो. करू नका, ओलाव्याशी संयोग होऊन ते फेसाळतं. मेण चालतं. वितळल्यावर किंचित निवू द्यायचं आणि मग ओतायचं. कांस्यात जायचं असेल तर हीच वाट सोपी: अल्जिनेटमधून मेण, मेणावरून धातू.

चेहरा

चेहऱ्यासाठी ४५० ग्रॅम पावडर आणि १.८ लिटर पाणी, म्हणजे हाताएवढंच. थर ८ ते १० मिलिमीटरचा. भुवया, पापण्या आणि दाढीला पेट्रोलियम जेली. अल्जिनेट केसांना चिकटत नाही, पण केस त्यात गुंततात. माणसाला आडवं झोपवू नका, गाल कानांकडे ओघळतात आणि चेहरा त्याचा राहत नाही. पाठ अर्धी टेकवून बसवा. नाकपुड्या शेवटपर्यंत उघड्या ठेवा आणि एका माणसाने फक्त तेवढंच बघावं. नाकात नळ्या घालण्याची पद्धत चुकीची आहे: नाकाचा आकार बिघडतो, आणि नळीला धक्का लागला तर आतून इजा होते. सर्दी, दमा किंवा बंद जागेची भीती असलेल्यांचा चेहरा घेऊच नये. बोलता येत नसल्यामुळे 'काढा' याची हाताची खूण आधी ठरलेली हवी, आणि खूण झाली की कामाचा विचार न करता तत्काळ काढायचं.

अल्जिनेट एकटं उभं राहत नाही. ते मऊ असतानाच त्यावर कापसाचे विरळ पुंजके दाबा, म्हणजे वरचं कवच त्याला धरून राहील. पुंजके नसले तर काढताना अल्जिनेट बँडेजपासून सुटतं आणि परत नेमकं बसत नाही. मग १० सेंटीमीटर रुंद प्लास्टर बँडेजच्या तीन-चार पदरी पट्ट्या, कडा दुमडून. साधारण दहा मिनिटांत कवच टणक होतं. माणसाने पुढे वाकून आतल्या आत तोंड वेडंवाकडं करायचं. अंग सुटतं आणि मुखवटा हातात येतो. धरलेल्या अल्जिनेटवर नवं अल्जिनेट चिकटत नाही हे विसरू नका. कपाळावर थर पातळ राहिल्याचं उशिरा लक्षात आलं तर धुण्याच्या सोड्याचं द्रावण फवारून मगच दुसरा थर द्या.

बँडेजचं स्वतंत्र मोल

प्लास्टर बँडेज नुसती कवचासाठी नसते. अमेरिकन शिल्पकार जॉर्ज सेगलने १९६१पासून तीच थेट कपडे घातलेल्या माणसांवर लपेटली आणि सुरुवातीची कित्येक वर्षं बाहेरचा खरबरीत पृष्ठभागच शिल्प म्हणून ठेवला. पुढे १९७०च्या दशकात तो त्याच कवचाच्या आत ओतू लागला, तेव्हा आतली बाजू, म्हणजे माणसाला लागलेली बाजू, वर आली. एकच बँडेज, दोन पृष्ठभाग, आणि दोन निरनिराळी शिल्पं. ब्रिटिश शिल्पकार अँटनी गॉर्मली स्वतःचं अंग प्लास्टिकच्या पातळ फिल्ममध्ये गुंडाळून त्यावर प्लास्टरमध्ये भिजवलेलं कापड लावून घेत असे. त्याला रोमरंध्रं नको होती, शरीराने व्यापलेली जागा हवी होती. विकत घेण्यापूर्वी हा प्रश्न सोडवला तर बराच खर्च वाचतो. त्वचा हवी असेल तर अल्जिनेट. देहाचा ढोबळ घेर हवा असेल तर बँडेज पुरते, आणि अल्जिनेट त्यात वाया जातं.

अंगावर थेट साध्या प्लास्टरचा जाड थर मात्र कधीच नाही. प्लास्टर धरताना तापतं, जाड गोळ्यात ६० अंशांपर्यंत जाऊ शकतं, आणि धरल्यावर हात बाहेर निघत नाही. २००७ साली इंग्लंडमधल्या लिंकनशरमध्ये शाळेच्या कलावर्गात एका मुलीने प्लास्टरच्या बादलीत हात घातले आणि तिला बहुतेक सगळी बोटं गमवावी लागली. पातळ बँडेज आणि प्लास्टरची बादली या दोन गोष्टींत हा फरक आहे. विक्रेत्याने पाकिटावर तो मोठ्या अक्षरांत लिहायला हवा.

मूठ, काख, कान

आता खरी रसाची जागा. शरीराच्या बाहेरच्या रेषा सगळेच घेतात. मूठ मिटल्यावर आत काय उरतं, दोन तळहात जोडले की मधे कोणता आकार असतो, गुडघा दुमडला की मागे काय तयार होतं, हे डोळ्यांना कधी दिसत नाही. ओतकामच ते दाखवतं.

मुठीला अल्जिनेट वापरून बघण्यासारखं आहे, पण शिफारस करण्यासारखं नाही. गोळा निघतो तो सुंदर, मात्र बोटांच्या मधले पातळ पडदे मूठ उघडतानाच फाटतात आणि उरलेला गोळा अर्ध्या तासात आकसायला लागतो. इथे सिलिकॉनची पुट्टी जिंकते. दातांच्या कामातली, दोन डब्यांची, सारख्या प्रमाणात मळायची. मुठीला ६० ते ९० ग्रॅम लागते. रंग एकजीव होईपर्यंत अर्धा-पाऊण मिनिट मळा, तळहातावर ठेवा, मूठ मिटा आणि पाचेक मिनिटं सैल न सोडता धरा. मळताना लॅटेक्सचे हातमोजे घातले तर पुट्टी धरतच नाही: प्लॅटिनमवर चालणाऱ्या सिलिकॉनला गंधक मारक असतं आणि ते लॅटेक्समध्ये असतं. व्हिनाइलचे मोजे किंवा धुतलेले उघडे हात. गंधक असलेली मॉडेलिंगची माती त्याच टेबलावर ठेवली असेल तर तीही आधी उचला.

मूठ उघडल्यावर जे मिळतं ते कुठल्याशा प्राण्याच्या मणक्यासारखं दिसतं. चार बोटांच्या चार खोल खोबणी, एका अंगाला तळहाताच्या रेषांची उठलेली जाळी, आणि अंगठ्याच्या बाजूला पुट्टी बाहेर आलेली एक जीभ. ती जीभ कापू नका. मूठ नेमकी कुठे बंद होत नाही हे तीच सांगते. हा गोळा प्लास्टरच्या दोन भागांच्या साच्यात घ्या, साचा पाण्यात भिजवून ओला करा म्हणजे मेण चिकटणार नाही, आणि मेण ओता.

काख आणि गुडघ्यामागची घडी अल्जिनेटलाच द्यावी, कारण तिथली त्वचा नाजूक आणि पुट्टी दाबली की ती सरकते. अडचण आकाराची आहे: हात एका अंशाने वर गेला तरी काखेची पोकळी बदलते. कोपराखाली टेकू द्या. कानाच्या पाळीमागे आणि शिंपल्यात अल्जिनेट उत्तम जातं, पण कानाच्या छिद्रात आधी कापसाचा बोळा हवा. छिद्राच्या आतला ठसा श्रवणतज्ज्ञाचं काम, शिल्पकाराचं नाही. तोंडातला ठसा दातांच्या ट्रेमधूनच, डोकं पुढे झुकवून, 'फास्ट' जातीचं अल्जिनेट घेऊन, आणि हे जाणणाऱ्या माणसाकडूनच.

त्वचेसाठीचं पातळ सिलिकॉन, ब्रशने लावायचं, ही तिसरी वस्तू. १:१ मिसळतं, पाच-सात मिनिटांत धरतं, आणि एका ठशातून अनेक ओतकामं देतं. एकाच हाताच्या दहा प्रती हव्या असतील तर हाच पर्याय, तिथे अल्जिनेट दहा वेळा खर्ची घालण्यात अर्थ नाही. मात्र ते केसांना पक्कं धरतं. रिलीज क्रीम (ठसा सहज सुटावा म्हणून लावायचं मलम) केसांच्या मुळापर्यंत लावली नाही तर काढताना केस उपटतात. पाकिटावर त्वचेसाठी असल्याचं स्पष्ट लिहिलेलंच घ्या, साच्याचं साधं सिलिकॉन अंगावर नको.

खुर्चीखाली

अमेरिकन कलावंत ब्रूस नाउमनने १९६५ ते ६८ या काळात खुर्चीखालची जागा काँक्रीटमध्ये ओतली. ब्रिटिश शिल्पकार रेचल व्हाइटरीडने १९८८मध्ये कपाटाची आतली जागा प्लास्टरमध्ये घेऊन तिला काळ्या फेल्टने मढवलं, १९९०च्या 'घोस्ट'मध्ये अख्खी खोली प्लास्टरच्या तुकड्यांत घेतली, आणि १९९३च्या 'हाउस'मध्ये पूर्व लंडनमधल्या एका घराला आतून काँक्रीट फवारून बाहेरच्या विटा काढून टाकल्या. १९९४च्या जानेवारीत ते पाडलं गेलं. ही कामं बघून अनेकांना वाटतं की स्टूल उलटं करायचं, फळ्या ठोकायच्या आणि ओतायचं. आधी गणित करा.

४० × ४० × ४५ सेंटीमीटर म्हणजे ७२ लिटर. ओल्या प्लास्टरचे ११५ किलो, काँक्रीटचे १७० किलोहून जास्त. एकदम भरलं तर तळाशी दर १० × १० सेंटीमीटरवर सात किलोचा रेटा येतो आणि एका उभ्या फळीवर मिळून साठ-पासष्ट किलोचा. खिळ्यांनी ठोकलेली फळी तो सोसत नाही. ती खालून फाकते आणि अर्ध प्लास्टर जमिनीवर येतं. त्यापेक्षा तीन सेंटीमीटर जाडीचं पोकळ कवच करा: पहिला शिंपलेला पातळ थर, मग प्लास्टरमध्ये बुडवलेला काथ्या, मग पुन्हा प्लास्टर. सत्तावीस लिटरमध्ये भागतं, वजन ओलं असताना ४५ किलोच्या आत राहतं. प्रत्येक थर आधीचा ओलसर असतानाच द्या. वाळलेला थर नव्याचं पाणी शोषून घेतो आणि दोघांत पापुद्रा राहतो.

लाकूड चपड्याचे (लाखेच्या वार्निशचे) दोन हात देऊन बंद करा, त्यावर मऊ साबणाचा पातळ थर. उघडं लाकूड प्लास्टरमधलं पाणी पिऊन फुगतं. आणि प्लास्टर स्वतः धरताना साधारण पाव टक्का वाढतं. ४० सेंटीमीटरला हा एक मिलिमीटर झाला. बंद खोक्यात अडकायला तेवढा पुरतो. म्हणून खोक्याची एक बाजू बाहेरून स्क्रूने जोडलेली असावी, खिळ्यांनी नाही, आणि स्क्रूंची डोकी प्लास्टर ओतण्याआधी टेपने झाकलेली असावीत. स्टुलाचे पाय ओतकामाच्या आत जात असतील तर ते वरून खाली किंचित निमुळते आहेत का, आणि कोणत्या बाजूला, हे मोजून बघा. उलट्या बाजूला निमुळता पाय कापल्याशिवाय निघत नाही.

लॅटेक्स, आणि ते कुठे वापरू नये

हायडी बुखर या स्विस कलावतीने खोल्यांच्या भिंतींवर कापड आणि लॅटेक्स लावून, वाळल्यावर ते कातडीसारखं सोलून काढलं. भिंतीचा रंग, धूळ, फळ्यांच्या फटी सगळं त्याबरोबर येतं. पोकळी भरण्यापेक्षा वेगळी गोष्ट आहे ही. इथे खोलीचं अंतरंग पातळ होऊन हातात येतं. असं काम करायचं असेल तर लॅटेक्सला पर्याय नाही: पाच ते आठ हात, प्रत्येक हात दुधाळपणा जाऊन पारदर्शक झाल्यावरच पुढचा, दुसऱ्या हातावर विरळ विणीचं सुती कापड, आणि खिडक्या उघड्या, कारण अमोनिया डोळ्यांत झोंबतो. सोललेल्या पृष्ठभागावर टाल्कम पावडर मारत जा, नाहीतर तो स्वतःलाच चिकटतो.

अंगावर मात्र नको. नैसर्गिक रबरातल्या प्रथिनांची काहींना तीव्र ॲलर्जी असते. आणि टिकाऊपणाचा हिशेबही आधी करा. अमेरिकन शिल्पकार ईवा हेसची १९६०च्या दशकाच्या शेवटची लॅटेक्सची कामं आज पिवळी, कडक आणि ठिसूळ झाली आहेत. काही तर आता प्रदर्शनात मांडणंही अवघड झालं आहे. प्रकाश आणि हवेतला ऑक्सिजन रबराला आतून तोडतात. अंधारात, गार जागी ठेवलं तर ही गती मंदावते, थांबत नाही.

उरलेल्या अल्जिनेटबद्दल एवढंच: पावडर हवेतला ओलावा ओढते. डबा घट्ट बंद करा, झाकणावर उघडल्याची तारीख लिहा, आणि जुन्या डब्यातून चेहरा घेण्याआधी १० ग्रॅम पावडर ४० मिलिलिटर पाण्यात कालवून वाटीत घड्याळ लावा. सांगितलेल्या वेळेत धरलं, बोटाने दाबून सोडल्यावर खड्डा भरून आला आणि तुकडा वाकवल्यावर लगेच चिरला नाही, तर डबा चांगला आहे. कणीदार वाटलं तर तो डबा नाभी आणि अंगठ्यांच्या सरावाला ठेवा.